पडली की ठेवली

९ मार्च, रविवार

“मग तिथे जिंकतं कोण?” बाबांनी बटाटे वाढून घेता घेता विचारलं. ऑर्हुसला पाच वर्षं कायदा शिकले, आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि ज्या गोष्टीत रविवारचा अख्खा दिवस घालवून आले तिच्यात जिंकतं कोण, हे मला माहीत नाही.

सोल्वायला मी सकाळी हेच विचारलं होतं. ती नगरपालिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि बारा वर्षं या खेळात आहे. गाडी चालवता चालवता तिने खांदे उडवले. “कोणी नाही. भूक लागते खूप, एवढं खरं.”

वेस्टरमोसेच्या जंगलात स्काउटांचं लाकडी घर आहे. तिथे चाळीस मोठी माणसं जमली होती: एक दंतवैद्य, ट्रकचालक, दोन शिक्षिका. अंगावर लोकरीचे झगे, हातात रबरी तलवारी. प्रत्येकाला दुसरं नाव आहे, दुसरा जन्म आहे, आणि त्या जन्मात शिरले की सगळे एकमेकांना ‘आपण’ म्हणतात. खेळाबाहेरचं काही बोलायचं असेल तर मूठ डोक्यावर ठेवायची. एका सरदाराने मला दरडावलं, “आपण या भूमीवर कोणाच्या परवानगीने पाऊल ठेवलंत?” मी घाबरून सोल्वायचं नाव सांगितलं. त्याने मूठ डोक्यावर ठेवली. “अगं, तसं नाही. निळ्या गाडीतून आलात ना तुम्ही दोघी? मागे ट्रॅक्टर अडलाय.”

खेळाची कथा उल्रिक लिहितो. उंच, बारा महिने सर्दी. नव्यांना त्याने एकच गोष्ट सांगितली: “इथे हरायला यायचं. जिंकणाऱ्याला कोणी लक्षात ठेवत नाही. छान हरलात, तर दहा वर्षं लोक सांगत बसतील.” मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. नम्रतेबद्दल बोलत असावा.

हे ऐकून बाबा म्हणाले, “आमच्या कत्तलखान्यात माणसं रोज हरतात. त्यांना झगे लागत नाहीत.” ते तिथे कामगारांचे प्रतिनिधी आहेत, असं बोलायची त्यांना सवय आहे.

मी का गेले ते मी त्यांना सांगितलं नाही. ऑफिसात मी नकाराची पत्रं लिहिते. माणूस आजारी असतो, काम होत नाही म्हणून मदत मागतो, आणि मी त्याला कळवते की त्याचं म्हणणं मान्य करता येत नाही, कलम अमुक. शिकताना मला वाटलं होतं की मी कोणाच्या तरी बाजूने उभी राहीन.

२३ मार्च, रविवार

मला भूमिका मिळाली. एसा, पुलावरची लेखनिक. पुलावरून कोण आलं, कोण गेलं, काय घडलं ते वहीत लिहायचं. पूल म्हणजे ओढ्यावरच्या फळ्या, पण त्यांना फळ्या म्हणायचं नाही.

पुलाचा रक्षक हाल्वर. ती भूमिका करतो प्रेबेन: साठी ओलांडलेला, पांढऱ्या दाढीचा, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा. एकोणीस वर्षं तो हाल्वर आहे. या गटातली निम्मी मंडळी मुलं होती तेव्हापासून त्याने तो पूल राखलाय. माझ्यासाठी त्याने लेखण्यांची लाकडी पेटी आणली होती, झाकण तेवढं बसवायचं राहिलं होतं.

“खिळा तू ठोक,” तो म्हणाला. “तुझे डोळे तरुण आहेत.”

“मी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही.”

“मग पाच वर्षं ऑर्हुसला काय करत होतीस?”

तीन खिळे वाकडे केले. त्याने एकदाही हातोडी माझ्या हातून घेतली नाही, नुसता बघत राहिला. खरा शिक्षक असाच असतो.

त्याची बायको बिर्टे खेळत नाही, दालचिनीचे रोल घेऊन येते आणि विणत बसते. निघताना तिने त्याच्या कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. तोही हात बाजूला सोडून उभा राहिला. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोने बटणं लावून द्यावीत, याबद्दल मला काय वाटायला हवं ते कळत नाही. काहीतरी वाटलं खरं.

३० मार्च, रविवार

आईला प्रेबेनबद्दल सांगत होते. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांचं सकाळचं सगळं करते. ओळखीची माणसं तिला पुष्कळ. ती बटाटे सोलत होती, ती थांबली.

“कोणता प्रेबेन?”

“दाढीवाला. सुतारकाम शिकवायचा.”

“हं.” मग पुन्हा बटाटा उचलून, “त्याच्याशी घाई करू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे घाई करू नकोस.”

४ मे, रविवार

तीन दिवस राहून आले. केसांना धुराचा वास आहे आणि मी कोण आहे ते नीट आठवत नाही. शनिवारी एका मेलेल्या माणसासाठी मी खरोखर रडले आणि अर्ध्या तासाने तोच माणूस माझ्यापुढे रांगेत सॉसेज घेत होता. “मोहरी संपली का?” त्याने विचारलं. मला त्याचा राग आला. कशाचा, ते सांगता येणार नाही.

पण लिहायचं आहे ते आजच्या सकाळबद्दल.

पलीकडून शत्रू आला तेव्हा पुलावर हाल्वर एकटा उभा होता. मी पाच पावलांवर, वही छातीशी धरून. त्याने तलवार उचलली आणि मग ती खाली होती. त्याने ठेवली, की त्याच्या हातून पडली? तो क्षणभर तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. मग ताठ झाला, बाजूला सरला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, “यावं. पूल मोकळा आहे.”

शत्रूसुद्धा गोंधळला. एकोणीस वर्षांत त्या पुलावरून कोणी फुकट गेलेलं नाही. मग ते धावत आत शिरले आणि आमचं गाव जळालं, म्हणजे नारिंगी फिती बांधल्या.

नंतर मी प्रेबेनला तंबूमागे पाहिलं. एका हाताने दुसरा हात धरून बसला होता. “थंडी,” म्हणाला. मी झग्यात घामाघूम झाले होते.

उल्रिकने मला गाठलं. नाक पुसत म्हणाला, “वहीत लिही: हाल्वरने तलवार ठेवली आणि पूल दिला.”

“मी विचार करतेय. ठेवणारा माणूस आधी वाकतो. तो वाकला नाही, नुसती बोटं उघडली. पडली ती.”

“रूना, खेळ आहे.”

“म्हणून खोटं लिहायचं?”

त्याने पुन्हा नाक पुसलं. “बरं, लिही तुला हवं ते. ऑगस्टमध्ये खटला होईल, त्यात रंगत येईल.”

मी लिहिलं: तलवार हातातून पडली. स्वच्छ अक्षरात. मला फार बरं वाटलं.

११ जून, बुधवार

आज तीन पत्रं. एका बाईने अर्जाबरोबर स्वतःच्या पाठीचा फोटो जोडला होता. फोटोसाठी कलम नाही.

दुपारी उल्रिकचा फोन. ऑगस्टमध्ये हाल्वरवर फितुरीचा खटला. सोल्वाय न्यायाधीश, माझी वही पुरावा. शिक्षा ठरलेली: दोषीला दलदलीला देतात. तो फळ्यांवरून बोरूच्या झाडीत चालत जातो, सगळे पाठ फिरवून उभे राहतात, आणि त्यानंतर ते नाव खेळात कोणी उच्चारत नाही.

“त्याच्या बाजूने कोण बोलणार?” मी विचारलं.

“कोणी नाही. का, तुला बोलायचंय?” त्याच्या आवाजात हसू होतं. “बोल की. शोभा येईल. फक्त लक्षात ठेव, हरायचंय.”

हरायची तयारी कशी करतात? मला ती कोणी शिकवलेली नाही. निरपराध माणूस आहे, त्याची बाजू मांडायची आहे, आणि मांडायची ती पडण्यासाठी? उल्रिक असं म्हणूच शकत नाही. मला डिवचत असणार.

१० ऑगस्ट, रविवार

आज तंबू दुरुस्त केले आणि थोडा सराव झाला. गटाचा स्वतःचा कायदा आहे, अठरा पानी, उल्रिकने युटलंडच्या जुन्या कायद्यांवरून बेतलेला. मी तो चारदा वाचलाय. त्यात एक कलम आहे जे एकोणीस वर्षांत कोणी वापरलेलं नाही: आरोपीबरोबर बारा जणांनी उभं राहून तो निर्दोष असल्याची शपथ घेतली, तर तो सुटतो. मी दोन महिने एकेकाला गाठतेय. दंतवैद्य, ट्रकचालक, दोघी शिक्षिका. सगळ्यांचा हाल्वरवर जीव आहे. अकरा झाले. सोल्वायला काही सांगितलं नाही. न्यायाधीशाला सांगायचं नसतं.

प्रेबेनला मात्र सांगायला हवं होतं. तो पुलाजवळ हाल्वरच्या झग्यात बसला होता. मी म्हटलं की मी त्याला सोडवणार आहे.

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, “लेखनिक, आपण उगाच कष्ट घेत आहात. पूल माझा होता. त्याचं मला भोगू द्यावं.”

मग त्याने हात वर केला, कानापर्यंत नेला आणि खाली घेतला. डास फार आहेत तिथे.

काय माणूस आहे. सरावातसुद्धा भूमिका सोडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

मी जिंकले. मग मला असं का वाटतंय, ते लिहून पाहते.

सकाळी प्रेबेनची मुलगी आणि जावई ओडेन्सेहून आले होते, दोन नातवंडं, त्यांनाही उसने झगे घातलेले. मला वाटलं, बरं झालं, त्यांच्यासमोर त्याची सुटका होईल. बिर्टे बोरूच्या झाडीपलीकडे, फळ्या संपतात तिथे खुर्ची टाकून बसली होती. शेजारी थर्मास, कोरडे मोजे, टॉवेल. एवढ्या लांब का बसलीय, असं मनात आलं आणि विसरले.

न्यायसभा भल्या मोठ्या ओकच्या झाडाखाली भरली. सोल्वायने आरोप वाचला. हाल्वरने मान झुकवून ऐकला. “आपल्याला काही म्हणायचं आहे?” तिने विचारलं. तो म्हणाला, “नाही.” त्या एका शब्दात काय होतं ते मला आज सांगता येत नाही.

तेव्हा मी उभी राहिले. वही उघडून वाचली: पडली. मग म्हटलं, ज्याची तलवार पडते तो फितूर नसतो. शत्रूला वाट देणं हे नि:शस्त्र माणसाचं शहाणपण होतं, गाव वाचवायचा शेवटचा प्रयत्न होता. मग कलम वाचलं. सोल्वायचा चेहरा बदलला. मला वाटलं, आपल्या मुद्द्याने बदलला.

“बारा जण कुठे आहेत?” तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

ते एकेक करून उठले. बारावा कोण असेल याची मला सकाळपर्यंत खात्री नव्हती. उठला तो सॉसेजच्या रांगेतला, मोहरी मागणारा. त्यांनी हाल्वरच्या खांद्याला खांदा लावून शपथ घेतली. दोघी शिक्षिकांना रडू येत होतं. सोल्वाय प्रेबेनकडे पाहत राहिली, फार वेळ. तो हलला नाही. शेवटी तिने काठी आपटली आणि म्हणाली, “कायदा असं म्हणतो. हाल्वर मुक्त आहे.”

टाळ्या झाल्या. पण प्रेबेन तिथेच खाली बसला. त्याची मुलगी गाडीकडे निघून गेली. उल्रिक, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं, तो तंबूचे दोर सोडायला लागला, अजून दोन तास खेळ बाकी असताना. बिर्टे झाडीतून परत आली, हातात तेच कोरडे मोजे. माझ्यापाशी थांबली.

“छान बोललीस,” म्हणाली. तिच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “वाईट नाही. निदान एका माणसाला तरी सोडवलंस.” हे त्यांच्याकडून म्हणजे पुष्कळ झालं. मला आनंद व्हायला हवा होता.

२५ ऑगस्ट, सोमवार

सोल्वायने दुपारच्या सुटीत मला बाहेर नेलं, सायकली लावतात तिथे. तिने राय धान्याच्या काळ्या पावाचा डबा उघडला आणि खाल्लं काहीच नाही.

“तुला उल्रिकने सांगितलं नव्हतं?”

“काय?”

“मला वाटलं त्याने सांगितलं. त्याला वाटलं मी सांगितलं.” तिने डबा बंद केला. “प्रेबेनला कंपवात आहे. तीन वर्षं झाली. हे त्याचं खेळातलं शेवटचं वर्ष. मेमध्ये ती तलवार गेली हातातून, आणि त्याच दुपारी तो उल्रिककडे जाऊन म्हणाला, हाच शेवट कर. फितूर म्हणून जाऊ दे. मुलांना बोलावतो.”

मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं.

“फक्त आम्हा दोघांना सांगितलं त्याने. लढताना लोकांनी त्याला जपून मारावं, हे त्याला नको होतं.”

“मग काल तू मूठ डोक्यावर का नाही ठेवलीस? खेळ थांबवायचा.”

“त्याने ठेवली असती तर मी ठेवली असती. आणि तू? दोन महिने बारा माणसं गोळा केलीस, एकदा विचारायचं ना गं.”

“वकील न्यायाधीशाला विचारत नाही.”

“तू वकील नव्हतीस. तू एसा होतीस.”

पुन्हा टेबलाशी येऊन दोन पत्रं लिहिली. दुसऱ्यात चूक होती, ती सोल्वायने दुरुस्त केली.

३१ ऑगस्ट, रविवार

“तुला माहीत होतं,” मी आईला म्हटलं.

“मी लोकांच्या घरी जे पाहते ते निघताना त्यांच्या दारात ठेवते.”

“मला एक शब्द बोलली असतीस तर...”

“बोलले होते. घाई करू नकोस म्हटलं होतं.”

सकाळी त्याची बटणं कोण लावतं हे मी विचारलं नाही. बिर्टे लावत असेल, आणि ती कामावर असते त्या दिवशी आई. मार्चमध्ये मी त्या बटणांबद्दल या वहीत काय लिहिलं होतं ते वाचलं आणि वही मिटली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, प्रतिनिधी ऐकतात तसं, हाताची घडी घालून. मग म्हणाले, “निकाल फिरवता येतो का?”

“येतो. ज्या लेखावर शपथ घेतली तो खोटा ठरला तर शपथ सुटते, आणि लेखनिकाचं नाव पुसलं जातं.”

“मग खोटा ठरव.”

“बाबा, तो खरा आहे.”

“अरे देवा,” बाबा म्हणाले. “म्हणजे आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी खरं बोलून फसली. आम्ही सगळे तर आजवर दुसऱ्याच कारणाने फसलो.”

आई हसू दाबत उठली. मलाही हसू आलं आणि मग आलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

प्रेबेनच्या घरी गेले. बिर्टेने कॉफी दिली. प्रेबेनचा कप तिने अर्धाच भरला. आज मला ते दिसलं. मी माफी मागायला सुरुवात केली.

“बस गं,” तो म्हणाला. “बारा माणसं माझ्यासाठी उभी राहिली. असं कोणाच्या वाट्याला येतं?”

“मग तू थांबवलं का नाहीस?”

“ते बारा जण बघून कसं थांबवणार? आणि दुसरं, मूठ डोक्यावर ठेवायला हात वर जावा लागतो.”

बिर्टे सिंकपाशी उभी होती, तिने नळ सोडला.

“एक खरं सांग,” मी म्हटलं. “पडली ना?”

“पडली.”

“म्हणजे मी लिहिलं ते बरोबर आहे.”

“माझ्याबद्दल बरोबर आहे. हाल्वरबद्दल नाही.” त्याने कप बाजूला सारला. “हे बघ, माझ्या हातून गोष्टी पडतात. कप पडतो, दात घासायचा ब्रश पडतो, नातवाला मी आता उचलून घेत नाही. घरी रोज तेच बोलणं असतं, आज काय पडलं. हाल्वरच्या हातून एकोणीस वर्षांत काही पडलेलं नाही. त्याने ठेवली. का ठेवली ते त्याचं त्याला माहीत. हरामखोर निघाला, निघू दे. पण ठेवली त्याने.”

मी म्हटलं, मी उभी राहून वही खोटी होती असं सांगू शकते.

“तुझी एसा जाईल. अजून कोवळी आहे ती. आणि तू खोटं बोललीस की तुझी मान लाल होते.”

“गळ्यापर्यंत,” बिर्टे नळाशी उभी राहूनच म्हणाली.

“राहू दे,” तो म्हणाला. “ऑक्टोबरमध्ये मी येत नाही. हाल्वर घरी बसेल, म्हातारी माणसं बसतात तशी. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.”

सायकलवरून परतताना हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

मांडून पाहते. ती पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. यंदा मी जे जे लिहिलं त्यात कोणाच्या बाजूने लिहिलेली तेवढी एकच ओळ आहे. ऑफिसातली सगळी पत्रं खरी असतात, एकही चुकीचं कलम नसतं, आणि त्यांनी कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण म्हणून खोटं लिहावं? ज्या बारा जणांनी माझ्या शब्दावर शपथ घेतली, त्यांना मी काय म्हणणार? ते खेळात रडले, पण रडले खरे.

आणि मला स्वतःला एसा आवडते. हे लिहायला लाज वाटते. पुलावरची खरं लिहिणारी लेखनिक. ऑफिसातल्या माझ्यापेक्षा ती मला बरी वाटते.

काही कळत नाही. उल्रिकला फोन करून फक्त एवढं विचारलं की प्रेबेन येणार का. तो म्हणाला, “नाही म्हणतोय.” मग मी बिर्टेला फोन केला आणि म्हटलं की त्याला घेऊन ये, मुलांनाही बोलाव. तिने का असं विचारलं नाही. “कोरडे मोजे घेते,” म्हणाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

न्यायसभा पुन्हा ओकखाली. सोल्वायने विचारलं, मागच्या निकालाबद्दल कोणाला काही म्हणायचं आहे का. तिला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी उठले आणि म्हटलं, “माझी वही खोटी आहे. हाल्वरने तलवार ठेवली. मी पाच पावलांवर होते. माझा त्याच्यावर जीव होता, म्हणून मी पडली असं लिहिलं.”

नियमाप्रमाणे तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी सांगितलं. मान लाल झाली असणारच. लोकांना ती शरम वाटली असेल, आणि ते खोटं नव्हतं. मोहरीवाला माझ्याकडे असा पाहत होता की मला खाली बसावंसं वाटलं. “आपल्या शब्दावर मी हात उचलला होता,” तो म्हणाला. मी म्हटलं, “हो.”

त्यांनी सगळ्यांची नावं लिहिलेल्या फळीवरून एसाचं नाव पुसलं. ओल्या फडक्याने, दोनदा.

मग सोल्वायने हाल्वरला विचारलं. प्रेबेन उठला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. “ठेवली,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “हाताने ठेवली.”

त्याला दलदलीच्या कडेला नेलं आणि आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली, त्याच्या नातवंडांनीसुद्धा. जाणाऱ्याने झगा काढून फळीवर ठेवायचा असतो, त्यासाठी गळ्याशी लावलेली पितळी टाचणी काढावी लागते. ती निघेना. आम्हाला ऐकू येत होतं. पितळेचा बारीक आवाज, थांबणं, पुन्हा आवाज. किती वेळ गेला सांगता येत नाही. कोणी वळलं नाही, कोणी खोकलंही नाही, सर्दीवाला उल्रिकदेखील. मग झगा पडल्याचा जड आवाज आला, आणि फळ्यांवरून पावलं, सावकाश, दूर जाणारी. मला वाटतं बिर्टे पलीकडून पाहत होती. ती खेळात नाही, तिला पाठ फिरवायची गरज नव्हती.

नंतर सूप होतं. प्रेबेन कोरड्या मोज्यांत, नातवाच्या शेजारी बसला होता, आणि लोक त्याच्याशी हवेबद्दल बोलत होते, कारण ते दुसरं नाव आता घ्यायचं नाही. तो मला म्हणाला, “वाईट नाही.” मोहरीवाला अजून माझ्याशी बोलत नाहीये. तो खेळात रागावलाय की खेळाबाहेर, हे मला कळलेलं नाही, आणि मूठ डोक्यावर ठेवून विचारायचं धाडस झालं नाही.

गाडीत सोल्वायने विचारलं, “उभी राहिलीस तेव्हा ठरवलंस, की आधीच?”

मी म्हटलं, सभेत तू वही मागशील अशी मला भीती होती. म्हणून शुक्रवारी दुपारीच, ऑफिसातून निघण्यापूर्वी, त्या दिवशीच्या पत्रांवर सही करून झाल्यावर, मी एसाची वही टेबलावर उघडली आणि त्याच पेनाने ‘पडली’ खोडून वर ‘ठेवली’ लिहिलं.